गैरसमज, अपसमज, विपर्यास, गल्लत : नेमकं कुठे काय?

शेवंती

मालिकांचे मराठी संवाद आणि उपशीर्षकं तपासायचं काम करते. हल्ली प्रत्येक दुसऱ्या भागात कोणी ना कोणी डोळ्यांत पाणी आणून म्हणतं, "मला चुकीचं समजू नकोस." हे हिंदीतल्या 'मुझे ग़लत मत समझो'चं मराठी कपड्यातलं रूप आहे हे उघड आहे. मी ते खोडून "गैरसमज करून घेऊ नकोस" करते, लेखक ते परत पहिल्यासारखं करतात. "लोक असंच बोलतात" हे त्यांचं उत्तर. लोक बोलतातही, खोटं कशाला बोलू.

मग एका भागात "त्याने माझ्या बोलण्याचा गैरसमज केला" असं वाक्य आलं. कानाला खटकलं, पण का खटकलं ते चारचौघांत धड सांगता येईना. त्याच भागात एक पात्र "माझा विपर्यास झाला" म्हणालं. तेही खटकलं. त्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, ते म्हणतात की 'गैरसमज' हा शब्दच काढा, 'अपसमज' लिहा.

तर जाणकारांनो, हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? चालत नसतील तर का? मला मीटिंगमध्ये मांडता येईल असं काहीतरी द्या.

तिरपा_डोळा

'बोलण्याचा गैरसमज' खटकायचं कारण सोपं आहे. गैरसमज माणसाचा होतो, बोलण्याचा होत नाही. 'चा-ची-चे' ज्याला लावाल, चूक त्याच्या डोक्यात असते.

"माझा गैरसमज झाला" म्हणजे मी चुकीचं समजलो.
"माझ्याबद्दल गैरसमज झाला" म्हणजे लोक मला चुकीचं समजले.

बोलण्याचा होतो तो विपर्यास. तिथे 'चा' ज्या गोष्टीची वाट लावली तिला लागतो: विधानाचा विपर्यास, कायद्याचा विपर्यास, इतिहासाचा विपर्यास. म्हणून "माझा विपर्यास झाला" हे तुमचं दुसरं वाक्यही गेलं. माणसाचा विपर्यास होत नाही. म्हणजे होतो बहुतेक, पण त्याला आपण राजकारणी म्हणतो.

गवती_चहा

वर जोरदार सुरुवात. वाचतेय.

पाटीपेन्सिल

तिरपा_डोळा यांच्याशी सहमत, पण खरी गंमत क्रियापदात आहे. आठवी-नववीला मराठी शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

'गैरसमज' हे नाम स्वतः कुणावरही बोट ठेवत नाही. बोट ठेवतं ते पुढचं क्रियापद.

"गैरसमज झाला" म्हटलं की कुणाचाच दोष नाही. पाऊस आला तसा गैरसमज झाला. म्हणून दोन घरांत बिनसलं की मध्यस्थी करणारी आत्या किंवा मामा हमखास हेच वाक्य वापरतात: "अहो, थोडा गैरसमज झालाय दोन्हीकडून." त्यात 'दोन्हीकडून' हा शब्द फार मोलाचा. एकाही बाजूला मान खाली घालावी लागत नाही.

"गैरसमज करून घेतला" म्हटलं की दोष ऐकणाऱ्याचा. 'घेणे'मुळे ती गोष्ट त्याने स्वतःकडे ओढून घेतली असं होतं. सून "आईंचा गैरसमज झाला" म्हणाली तर घर चालतं. "आईंनी गैरसमज करून घेतला" म्हणाली की झालं सुरू.

"गैरसमज करून दिला" म्हटलं की दोष तिसऱ्याचा. कान भरणारा कुणीतरी आहे. आणि "गैरसमज पसरवला" म्हणजे तर थेट कट. हे वाक्य पत्रकार परिषदेत शोभतं, स्वयंपाकघरात नाही.

आता शेवंतीताईंचं वाक्य बघा: "गैरसमज करून घेऊ नकोस." बोलणाऱ्याची बाजू त्यात अगोदरच वरचढ आहे, कारण चूक झालीच तर ती तुझी असेल हे तो आधीच सांगून मोकळा होतो. पात्र खरंच अजीजीने बोलत असेल तर हे वाक्यही बसणार नाही. तिथे "भलता अर्थ काढू नकोस" किंवा साधं "वाईट वाटून घेऊ नकोस" बरं. जुन्या पत्रांत शेवटी "गैरसमज नसावा, लोभ असावा" लिहायचे. 'नसावा' मध्ये क्रियाच नाही, म्हणून दोषही नाही. किती सभ्य युक्ती आहे पाहा.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडे एवढं नाही बाप्पा. "भलतंच समजला ना तू" म्हणलं की विषय संपला. गैरसमज हा शब्द फक्त सासुरवाडीला फोन लावताना आणि सोसायटीच्या ग्रुपवर.

माजघर

मालवणीत आमची आजी "वायट वाटून घेव नको हां" एवढंच म्हणायची, आणि त्यानंतर जे बोलायची ते वाईट वाटण्यासारखंच असायचं.

शुद्धलेखनिक

शेवंतीताईंचे ज्येष्ठ सहकारी बरोबर सांगत आहेत. 'गैर' हा अरबी शब्द फारसीतून आपल्याकडे आला. आपल्याकडे 'अप' हा उपसर्ग असताना (अपमान, अपकीर्ती, अपप्रचार) परका उपसर्ग का बाळगायचा? 'अपसमज' हा नेटका, अर्थवाही शब्द आहे. 'गैरसमज' ही निव्वळ खिचडी आहे. अरबी डोकं, मराठी धड.

फडताळ

शुद्धलेखनिक, खिचडीच म्हणायची तर 'अपसमज' कुठे सोवळ्यात आहे? 'समजणे' हे संस्कृत 'संबुध्यते' पासून प्राकृतात घासून घासून तयार झालेलं तद्भव क्रियापद. त्याला तुम्ही कोरा करकरीत तत्सम 'अप' लावता. ते चालतं आणि 'गैर' चालत नाही, हे फक्त पासपोर्ट बघून ठरवल्यासारखं झालं.

आणि 'गैर' काढायचा तर सगळं खानदान काढा. गैरहजर, गैरसोय, गैरवर्तन, गैरफायदा, गैरव्यवहार तर जातीलच. पण 'बिगर' पण जाईल, कारण तो त्याच 'गैर'ला फारसी 'ब' लागून झाला. बिगरशेती जमिनीचं काय करणार? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे 'वगैरे'. तोही तोच. अरबी 'व' म्हणजे आणि, पुढे 'गैर', म्हणजे 'आणि याखेरीज इतर'. मराठी माणसाच्या तोंडून 'वगैरे' काढून घेतलात तर निम्मी वाक्यं अर्ध्यावर लोंबकळतील.

हा वाद नवा नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करून घेतला तो दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. माधव जूलियन यांचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. या माणसाने १९२५ साली फारशी-मराठी कोश काढला, आणि पुढे १९३८ साली भाषाशुद्धीची बाजू घेणारं पुस्तक लिहिलं. म्हणजे परके शब्द कोणते हे त्यांना कोशासकट माहीत होतं. तरी 'गैरसमज' टिकला तो टिकलाच. राज्यव्यवहारातून हटवता येणारे शब्द वेगळे आणि भांडणात वापरायचे वेगळे.

एक अर्थाची गोष्टही लक्षात घ्या. मुळात 'गैर' म्हणजे 'खेरीज, नसलेला'. 'गैरहजर' मध्ये तो मूळ अर्थ शाबूत आहे: हजर नसलेला. पण मराठीने पुढे त्याला 'अयोग्य, चुकीचा' हा अर्थ दिला. "यात गैर काय?" हे वाक्य तसं आहे. गैरवापर म्हणजे वापर नसणं नव्हे, वाईट वापर. तसंच गैरसमज म्हणजे समज नसणं नव्हे. समज नसेल तर तो 'नासमज'. गैरसमज व्हायला आधी समज असावी लागते आणि ती वाकड्या वाटेने जावी लागते. इतका बारकावा 'गैर'ला मराठीत येऊन मिळालाय. तो परका कसा म्हणायचा?

शुद्धलेखनिक

'वगैरे'चं माहीत होतं. तरीही वृत्तपत्रीय लेखनात 'अपसमज' अधिक भारदस्त वाटतो हे माझं मत कायम.

फडताळ

त्यावर भांडण नाही. अग्रलेखात "जनतेत असा अपसमज पसरला आहे" शोभून दिसतं. पण नवरा बायकोला "तुझा अपसमज झालाय" म्हणाला तर ती आधी हसेल, मग रागावेल. शेवंतीताई, तुमच्या मालिकेत कोणी निवृत्त प्राध्यापक असतील तर त्यांना द्या तो शब्द.

कुंपणावरचा

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय)

आडवा_तिडवा

एक शंका. 'समज' तर स्त्रीलिंगी ना? "त्याला चांगली समज आहे." मग 'गैरसमज झाली' का नाही?

पाटीपेन्सिल

छान प्रश्न. मराठीत 'समज' दोन आहेत. एक ती: आकलनशक्ती. "पोराला समज आली." दुसरा तो: मनात धरलेली कल्पना. "माझा असा समज होता." गैरसमज हा दुसऱ्याचा भाऊ, म्हणून तो पुल्लिंगी. शक्ती गैर होत नाही, कल्पना गैर होते.

जोडीला 'समजूत' आहे, ती स्त्रीलिंगी, म्हणून 'गैरसमजूत झाली'. लिहिताना जपा: समजूत दीर्घ, पण गैरसमजुतीने, गैरसमजुतीमुळे यात ह्रस्व. मुलं हमखास चुकतात, आणि गैर आणि समज वेगवेगळे लिहितात ते निराळंच.

मोडीवाचक

शेवंतीताईंच्या यादीत नाही, पण याच भानगडीत हमखास वापरला जाणारा वाक्प्रचार म्हणजे 'ध चा मा'. हल्ली कुठे टंकनात चूक झाली, कुणी फोनवर अर्धवट ऐकलं, की "ध चा मा झाला" म्हणतात. तो 'होत' नाही हो, तो 'करतात'.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. परंपरेने सांगतात ते असं की राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या पत्रात 'धरावे' असं होतं, आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' करून 'मारावे' केलं. आनंदीबाईंचा हात खरोखर होता का यावर इतिहासकारांत एकमत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून दोष ठेवला तो राघोबांवर. पण वाक्प्रचार घडला तो या कथेवरून, आणि कथेत तरी कुणाचाही गैरसमज झालेला नाही. गारद्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं आणि तेच केलं. लिहिणाऱ्याने जाणूनबुजून अक्षर फिरवलं. म्हणजे हा वाक्प्रचार विपर्यासाच्या घरचा, किंबहुना त्याच्याही पलीकडे बनावटीच्या घरचा.

नुसतं ऐकण्यात चुकलं असेल तर आपल्याकडे चांगले साधे शब्द आहेत. दोन गोष्टींची सरमिसळ झाली तर 'गल्लत' ("तुम्ही सातारा आणि साताऱ्याची गादी यात गल्लत करताय"). लक्ष नव्हतं म्हणून चुकलं तर 'गफलत'. 'गाफील' हा शब्द त्याच मुळातला. गफलतीत बेसावधपणा असतो, गैरसमजात नाही. पूर्ण लक्ष देऊन, कान टवकारूनसुद्धा माणूस व्यवस्थित गैरसमज करून घेऊ शकतो.

तिरपा_डोळा

शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त म्हणून चालेल.

निरंजन_दिवा

विपर्यासावरून: पतंजलीच्या योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्यात. प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. त्यातल्या विपर्ययाची व्याख्या "विपर्ययो मिथ्याज्ञानमतद्रूपप्रतिष्ठम्". वस्तू जशी नाही तशा रूपावर टेकलेलं खोटं ज्ञान. म्हणजे आपण ज्याला गैरसमज म्हणतो तेच. विपर्यय आणि विपर्यास दोन्हींत उलटं होण्याचा भाव आहे. मराठीने विपर्यास मात्र मुद्दाम उलटवण्यासाठी राखून ठेवला.

आणि त्या यादीतला 'विकल्प' बघा. सूत्रात तो नुसत्या शब्दांवर उभं राहिलेलं, वस्तूच नसलेलं ज्ञान. शाळेत तो पर्याय. आणि आजीच्या तोंडी "मनात विकल्प आणू नकोस" म्हणजे संशय. गैरसमज होण्याच्या आधीची पायरी ती. मनात किंतु येतो, विकल्प येतो, मग गैरसमज होतो आणि तो कुणी काढला नाही तर अढी बसते.

शेवंती

किंतु, विकल्प, अढी... वाः. हे तिन्ही गेल्या वर्षभरात एकाही संहितेत दिसलेले नाहीत.

चष्मिष्ट

मला 'समजणे' या क्रियापदाबद्दल बोलायचंय, कारण 'मला चुकीचं समजू नकोस' का खटकतं ते तिथे आहे.

"मला समजलं" आणि "मी समजलो" या दोन्हींत कळणं आहे. पण अपूर्ण काळात नेलं की वाटा फुटतात. "मला समजत होतं" म्हणजे खरंच कळत होतं. "मी समजत होतो" म्हणजे मी मानत होतो, आणि ते तसं नव्हतं. "मी समजत होतो तुम्ही पुण्यालाच असता" हे वाक्य ऐकलं की पुढे 'पण' येणार हे मराठी कानाला आधीच कळतं. वेगळा 'गैर' लावायची गरजच नाही. "तो स्वतःला फार शहाणा समजतो" यातही तेच. शहाणा नाही हे न सांगता सांगितलं.

'समजून' आणि 'म्हणून' यांचंही असंच. "साखर समजून मीठ घातलं." "साप साप म्हणून भुई धोपटली." गैरसमज हा शब्द न उच्चारता गैरसमज सांगायची ही मराठीची रोजची रीत आहे.

आता या 'समजणे'ला मला + कसा असं लागतं: मला वेडा समजतो, मला परका समजते. त्या चालीवर "मला चुकीचा समजू नकोस" म्हटलं तर अर्थ होतो 'मी चुकीचा माणूस आहे असं मानू नकोस'. ते म्हणायचं नसतं. म्हणायचं असतं, माझ्या वागण्याचा चुकीचा अर्थ लावू नकोस. बाईच्या तोंडी तर आणखी पंचाईत. चुकीची समजू नकोस की चुकीचं? हिंदीत 'ग़लत' ला लिंग लागत नाही म्हणून ते निभावून जातं. मराठीत विशेषण लगेच चुगली करतं. मीटिंगमध्ये हा मुद्दा मांडा, लेखकांना लिंग विचारा. गप्प बसतील.

आडवा_तिडवा

+१. 'लिंग विचारा' हे वाक्य मात्र मीटिंगमध्ये जरा जपून. गैरसमज व्हायचा.

कोर्टकचेरी

पाटीपेन्सिल यांनी 'गैरसमजूत' काढली म्हणून. आमच्या अर्जांत ती अजून नांदते: "सदर दस्तावर अर्जदाराने गैरसमजुतीने सही केली." कायद्यात या गोष्टीला वजन आहे, आणि कुणाचा गैरसमज यावर ते ठरतं.

भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १३: संमती म्हणजे दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य करणं. कलम २०: कराराला आवश्यक अशा वस्तुस्थितीबाबत दोन्ही पक्ष चुकीच्या समजुतीत असतील तर करार शून्य. मी तुम्हाला एक बैल विकला, तुम्ही घेतला, आणि व्यवहाराच्या वेळी तो बैल आधीच मेलेला होता हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, तर करारच नाही. पण कलम २२ सांगतं, एकाच पक्षाचा गैरसमज असेल तर केवळ तेवढ्यावर करार मोडता येत नाही. "साहेब, मला वेगळंच वाटलं होतं" ऐकून न्यायाधीश मान हलवतात, निकाल देत नाहीत. आणि दुसऱ्याने तो गैरसमज मुद्दाम करून दिला असेल तर गोष्ट फसवणुकीच्या कलमात जाते. म्हणजे पाटीपेन्सिल यांची होणे, करून घेणे, करून देणे ही वर्गवारी कायद्याने १८७२ मध्येच मान्य केलेली आहे.

फौजदारीतही आहे. वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती, समोरच्याला तो गैरसमज माहीत असेल किंवा असायला हवा असेल, तर संमती धरत नाहीत. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ९०, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २८.

गवती_चहा

बैल मेला हे वाचून वाईट वाटलं.

डॉक_डोंबिवली

तुम्ही सगळे दोन माणसांतल्या गैरसमजाबद्दल बोलताय. दुसराही एक आहे: 'विषयीचा' गैरसमज. लोकांत गैरसमज आहे की अमुक. त्यात भांडण नसतं, त्यामुळे मध्यस्थही नसतो आणि तो पिढ्यान् पिढ्या जगतो. कधीकधी तो शब्दामुळेच जगतो. माझ्या ओपीडीतलं नेहमीचं उदाहरण 'कोड'.

मराठीत कोड म्हणजे त्वचेवर पांढरे डाग. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात, बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर उलटते म्हणून. संसर्गजन्य अजिबात नाही. हात मिळवून, एका ताटात जेवून, कपडे वापरून काही होत नाही. कुष्ठरोग पूर्णपणे वेगळा. तो जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ मध्ये तो जंतू शोधला, आणि बहुऔषधी उपचाराने तो सहा महिने ते वर्षभरात बरा होतो, औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

आता शब्द बघा. 'कोड' हा संस्कृत 'कुष्ठ' वरूनच आलेला. हिंदीत तोच शब्द 'कोढ़', आणि तिथे त्याचा अर्थ कुष्ठरोगच. मराठीने कुष्ठरोगाला 'महारोग' म्हटलं आणि 'कोड' पांढऱ्या डागांना ठेवला, पण जुनी भीती शब्दाबरोबर आलीच. परिणाम असा की दुधासारखे पांढरे डाग असलेल्या मुलीचं लग्न मोडतं, आणि खरोखर कुष्ठरोगाचा फिकट, बधिर चट्टा असलेला माणूस "पांढराफटक नाही ना, मग कोड नाही" म्हणून निवांत घरी बसतो. मी दोघांना एकच सोपी गोष्ट दाखवतो. डोळे मिटायला लावून कापसाचं टोक डागावर फिरवतो. कोडाच्या डागावर स्पर्श कळतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा कळत नाही. न कळला तर उशीर करायचा नाही, पुढची तपासणी आणि उपचार लगेच. सोबत आलेल्या नातेवाइकांनाही बघू देतो, कारण तोंडी सांगून पटत नाही.

आणि हो, मासे खाऊन वर दूध प्यायलं की कोड येतं, हाही गैरसमजच. याला पुरावा नाही.

माजघर

डॉक, आमच्या घरी माशांच्या आमटीत नारळाचं दूध असतं ते या नियमातून सुटायचं. गाईचं मात्र त्या दिवशी घरातल्या मांजरालासुद्धा नाही.

डॉक_डोंबिवली

मांजराला मासे दिले असतील ना पण.

दूरदेशी

न्यू जर्सीहून. इथे रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्या मुलांचे गैरसमज वेगळ्या जातीचे. 'परवा' शिकवताना हात टेकले. परवा आलो आणि परवा येईन, दोन्हींकडे परवा! तेरवाचंही तेच. "मग तुम्हाला कसं कळतं?" कळतं क्रियापदावरून, पण ते वाक्याच्या शेवटी येतं, तोवर मूल उलट दिशेला पोचलेलं असतं.

'आपण' तर त्याहून अवघड. 'आपण जाऊ' मध्ये तू आणि मी, 'आम्ही जाऊ' मध्ये तू नाहीस, आणि 'आपण बसावं' मध्ये मीच नाही.

सोलापुरी_चादर

वाढवणे राहिलं की. आमच्या पेठेत रात्री दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात'. बंद म्हणणं अशुभ. एक नवीन विक्री प्रतिनिधी आलेला, लातूरचा नव्हता, नाशिकचाही नव्हता, बाहेरचा होता पण मराठी शिकलेला. शेजारच्या दुकानात शेठ कुठे विचारलं. पोरगं म्हणालं, "शेठनी दुकान वाढवलं." हा गडी खूश. मोठी ऑर्डर मिळणार म्हणून सकाळी सहा नमुने जास्तीचे घेऊन हजर. शेठना कळेना हा एवढं अभिनंदन कशाचं करतोय.

नारळ वाढवणे, बांगडी वाढवणे, मंगळसूत्र वाढवणे, सगळं तेच. आणि "येतो" म्हणून निघून जाणं.

वऱ्हाडी_ठेचा

हे बेस्ट होतं. त्याची ऑर्डर लागली का नाही ते सांग.

सोलापुरी_चादर

लागली. शेठना दया आली.

शुद्धलेखनिक

अवांतर: पण हिंदी-मराठीतले सारखे दिसणारे शब्द हाही मोठा कारखाना आहे गैरसमजांचा. त्यांची शिक्षा शाळेत, आपली तुरुंगात. त्यांची चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांचं संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपलं प्रयोगशाळेत. आणि आता 'मी व्यस्त आहे'. आपल्याकडे व्यस्त फक्त प्रमाण असतं, गणितात. माणूस कामात असतो किंवा गडबडीत असतो.

फडताळ

यावर मात्र शंभर टक्के सहमत. नोंद घ्यावी, हे धाग्यात पहिल्यांदाच घडतंय.

आडवा_तिडवा

पाटीपेन्सिल मॅडम, अजून एक. पोलीस "समज देऊन सोडलं" म्हणतात. ती कोणती समज? आकलनाची की कल्पनेची?

पाटीपेन्सिल

स्त्रीलिंगी, "समज दिली", म्हणजे पहिली. अक्कल दिली अशा अर्थाने सुरू होऊन ताकीद या अर्थावर पक्की झाली. पुल्लिंगी 'समज दिला' म्हटलं तर पोलिसांनी त्याच्या मनात एखादी कल्पना भरवली असं होईल.

कोर्टकचेरी

तेही कधीकधी होतं, पण त्याची स्टेशन डायरीत नोंद नसते.